मर्ढेकरांची ओवी आणि खानदेश

बा. सी. मर्ढेकर यांच्या कवितेविषयीं बोलूं लागलें कीं आपल्याकडे दोन वाक्यें फार लवकर तोंडांत येतात. एक समीक्षकांचें : हा कवि इंग्लंडांतून आला. दुसरें आपणां खानदेशी लोकांचें : हा कवि फैजपूरचा. पहिल्या वाक्यांत तक्रार असते, दुसऱ्यांत अभिमान असतो; पण दोन्ही वाक्यें अशीं आहेत कीं तीं म्हणून झालीं म्हणजे कविता वाचण्याची गरजच उरत नाहीं. प्रस्तुत लेखकानें आयुष्याचीं बरींच वर्षें जळगांवांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत घालविलीं, आणि पहिल्या वाक्याचा अपराध त्याच्या हातून अनेकदां घडला आहे. एलियटचें १९२२ सालचें 'द वेस्ट लँड' वर्गांत शिकवितांना उदाहरणादाखल मर्ढेकरांचें नांव घ्यावें, लंडनच्या पुलावरील गर्दीशेजारीं मुंबईच्या गाडींतील गर्दी उभी करावी, आणि एकाची सावली दुसऱ्यावर कशी पडली आहे हें दाखवून तास संपवावा, असा माझा क्रम असे. मुलें तें टिपून घेत आणि परीक्षेंत परत करीत. आज तें मत मला मागें घ्यावेंसें वाटतें. तें सर्वस्वीं खोटें आहे म्हणून नव्हे. तें खरें आहे, परंतु महत्त्वाचें नाहीं म्हणून.

चरित्राचा भाग थोडक्यांत आटोपतों. बाळ सीताराम मर्ढेकर यांचा जन्म १ डिसेंबर १९०९ रोजीं त्या वेळच्या पूर्व खानदेश जिल्ह्यांतील फैजपूर येथें झाला. पुढें डिसेंबर १९३६ मध्यें राष्ट्रीय सभेचें खेड्यांतील पहिलें अधिवेशन ज्या गांवीं भरलें, तेंच हें फैजपूर. माध्यमिक शिक्षण धुळ्यास, नंतर पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत, आणि तेथून आय. सी. एस. च्या परीक्षेसाठीं लंडनला. ती परीक्षा साधली नाहीं. मराठी कवितेच्या दृष्टीनें हें बरेंच झालें म्हणावयाचें. परत आल्यावर कांहीं वर्षें इंग्रजीचे प्राध्यापक, नंतर नभोवाणीची नोकरी, आणि २० मार्च १९५६ रोजीं दिल्ली येथें वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं मृत्यु. मागें उरले ते तीन छोटे काव्यसंग्रह : 'शिशिरागम' (१९३९), 'कांहीं कविता' (१९४७) आणि 'आणखी कांहीं कविता' (१९५१), 'रात्रीचा दिवस', 'तांबडी माती' व 'पाणी' या तीन कादंबऱ्या, कांहीं संगीतिका, आणि मराठींत व इंग्रजींत मिळून थोडें पण भारी सौंदर्यशास्त्र. कादंबऱ्यांविषयीं मी येथें बोलणार नाहीं. 'रात्रीचा दिवस' ही संज्ञाप्रवाहाच्या तंत्राची मराठींतील एक पहिली खटपट म्हणून इतिहासांत राहील. पुन्हां हातीं घ्यावी असें पुस्तक तें मला कधीं वाटलें नाहीं.

या चरित्रांतील एका गोष्टीशीं मात्र थांबलें पाहिजे, आणि ती म्हणजे धुळें. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत, म्हणजे मर्ढेकर जेथें शाळेंत होते त्या काळांत, धुळें हें नुसतें कापसाच्या पेठेचें गांव नव्हतें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं आपले अखेरचे दिवस याच गांवीं काढले व १९२६ च्या डिसेंबरांत तेथेंच देह ठेवला. त्याहून आमच्या विषयाला जवळची गोष्ट ही कीं शंकर श्रीकृष्ण देव यांची सत्कार्योत्तेजक सभा धुळ्यासच होती. मठामठांतून समर्थांचीं हस्तलिखितें मिळवावीं, ताडून पाहावीं, छापावीं, हें काम तेथें वर्षानुवर्षें चाललें होतें. दासबोधाची विश्वसनीय छापील संहिता महाराष्ट्राच्या हातीं पडली ती देवांच्या श्रमांमुळें. या सर्वाचा एका शाळकरी मुलावर अमुक एक परिणाम झाला असा कार्यकारणभाव मी लावूं इच्छीत नाहीं; तशी ओढाताण करणारे चरित्रकार मला आवडत नाहींत. परंतु ज्या हवेंत रामदासांची ओवी आणि मनाचे श्लोक नित्याचे होते, त्या हवेंत हा मुलगा वाढला, आणि लंडन त्याला भेटलें तें त्यानंतर, एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ आहे.

आतां कवितेकडे वळूं. 'शिशिरागम' मधील मर्ढेकर हे अजून कोणाचे तरी शिष्य आहेत. प्रीति, विरह, ऋतु, सायंकाळ. भाषा नाजूक, उपमा निवडक, दुःख शोभिवंत. त्या पिढीच्या इतर तरुण कवींप्रमाणें त्यांच्याहि कानांत बालकवि होते. आणि बालकवि तर आपल्याच जिल्ह्यांतले. धरणगांवीं १८९० सालीं जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत ज्यांना 'बालकवि' ही पदवी मिळाली. आणि ५ मे १९१८ रोजीं भादली स्टेशनाजवळ ज्यांचा आगगाडीखालीं अंत झाला. जळगांवहून भुसावळकडे जातांना तें लहानसें स्टेशन अजूनहि लागतें, आणि तेथून जातांना मी पुस्तक मिटवून ठेवतों. ही भावुकता वाचकांनीं क्षमा करावी.

बालकवींची 'फुलराणी' ही कविता महाराष्ट्रांतील शाळा शिकलेल्या माणसाला ठाऊक नाहीं असें नाहीं. कोवळ्या कळीचें सूर्यकिरणाशीं लग्न लागतें, ती ही कविता. तिचें वृत्त पादाकुलक : सोळा मात्रांची ओळ, आठ आठ मात्रांचे दोन सारखे तुकडे. हें वृत्त इतकें सोपें, इतकें ठेकेदार आहे कीं लहान मूल तें हात हलवीत म्हणूं शकतें. आतां 'कांहीं कविता' मधील सर्वांत गाजलेली, किंबहुना सर्वांत बदनाम झालेली कविता घ्या : पिंपांत मेलेल्या उंदरांची. पाण्यानें भरलेल्या पिंपांत उंदीर मरून पडले आहेत, त्यांच्या माना कोणी न मुरगळतांच लुळ्या पडल्या आहेत, आणि जगणें काय नि मरणें काय, दोहोंचीहि सक्तीच आहे, असें तेथें कवि म्हणतो. १९४७ च्या वाचकाला ही कविता किळसवाणी वाटली, दुर्बोध वाटली. तिच्यावर विडंबनें झालीं, व्याख्यानें झालीं. परंतु तिचीं मात्रा कोणी मोजून पाहाव्या. सोळा. आठ आणि आठ. तेंच पादाकुलक! ज्या डोलीतून धरणगांवच्या कवीनें नवरीला नेलें, त्याच डोलींत फैजपूरच्या कवीनें मेलेले उंदीर घातले आहेत.

हें मी प्रथम जाणलें तें पुस्तकांत वाचून नव्हे. एका वर्गांत दोन्ही कविता एकापाठोपाठ मोठ्यानें वाचण्याचा प्रसंग आला, आणि मागच्या बाकावरील एक मुलगी पहिल्या कवितेच्या चालीवर दुसरी गुणगुणूं लागली. वर्ग हंसला. मग हंसूं थांबलें. त्या थांबलेल्या हंसण्यांत मर्ढेकरांच्या कवितेचें मर्म आहे असें मला तेव्हांपासून वाटूं लागलें. अमंगळ विषय कोणीहि आणूं शकतो. मोकाट, वृत्तहीन ओळींत उंदीर मेले असते तर तें एक वर्तमानपत्री वृत्त झालें असतें. येथें कानाला बालपणची चाल ऐकूं येते, कान आनंदाची वाट पाहूं लागतो, आणि त्या वाट पाहण्यावर प्रेत येऊन पडतें. जुन्या वृत्तानें जें वचन दिलें आहे, तें या काळांत पाळतां येत नाहीं; पण वचन दिलेलें आहे हें तर विसरतां येत नाहीं. मर्ढेकरांचें नवेंपण हें या न पाळलेल्या वचनाचें नवेंपण आहे. आणि वचन एलियटनें दिलेलें नव्हतें. तें बालकवींनीं, तुकोबांनीं, समर्थांनीं दिलेलें होतें.

अभंगाच्या बाबतींत तर हें अधिकच स्पष्ट दिसतें. शहरांतील नोकरदाराच्या दिनक्रमावर मर्ढेकरांनीं एक अभंग लिहिला आहे. सकाळचा चहा, विजेवर चालणारी गाडी, साहेबापुढील लाचारी, दुपारचें जेवण, संध्याकाळीं मुलांवर काढलेला राग, काळजीनें पोखरलेली झोंप, आणि शेवटीं स्वतःपुरती एक विडी. सहा, सहा, सहा, चार, असा अक्षरांचा मोठा अभंग; छंदांत कोठेंहि चूक नाहीं. विद्यार्थी याला विडंबन म्हणतात, आणि मार्गदर्शकें लिहिणारेहि तसेंच म्हणतात. मला तें पटत नाहीं. विडंबनांत ज्याचें विडंबन करावयाचें तें हास्यास्पद होतें. येथें अभंग हास्यास्पद होत नाहीं; आपण होतों.

हें कसें साधतें तें व्याकरणांत पाहावें. समर्थांचें आवडतें क्रियापद विध्यर्थी असतें : उठावें, स्मरावें, बोलावें, चालावें. त्या 'वे' मध्यें गुरूचा अधिकार आहे, पण शिष्याचें स्वातंत्र्यहि आहे. कारण 'करावें' असें ज्याला सांगावयाचें, तो न करण्यासहि मोकळा असतो, म्हणून तर सांगावयाचें. मर्ढेकरांच्या अभंगांत सर्व क्रियापदें याच विध्यर्थाचीं आहेत. घ्यावी, गांठावी, रागवावें, प्यावी. रूप तेंच, परंतु आंतील अर्थ उलटला आहे. येथें कोणी गुरु सांगत नाहीं, आणि ऐकणाराला न करण्याची मोकळीक नाहीं. उपदेशाचें क्रियापद सक्तीचें क्रियापद झालें आहे. मनाच्या श्लोकांतील पहाटेच्या चिंतनाची जागा गाडीच्या वेळापत्रकानें घेतली, हें सांगण्यासाठीं शंभर पानांचा निबंध लिहितां आला असता; मर्ढेकरांनीं तो एका प्रत्ययांत लिहिला. पहाटे मनाचे श्लोक म्हणणाऱ्या घरांत ज्याचा कान घडला नाहीं, त्याला ह्या प्रत्ययाची धार लागावयाची नाहीं. इंग्रजीच्या कोणत्याहि अनुवादांत ती उतरावयाची नाहीं हें मी माझ्याच व्यवसायाविरुद्ध सांगतों.

आणखी एक लहानसा शब्द आहे : 'गा'. ज्ञानेश्वरींतील आणि वारकऱ्यांच्या अभंगांतील ही हांक. ती मर्ढेकरांच्या प्रार्थनावजा कवितांतून पुनःपुन्हां येते. आपल्या मनाचें काठिण्य फुटावें, मीपणाची कृपणता जावी, आणि त्याच वेळीं आपली भावना शास्त्राच्या तराजूवरहि उतरावी, अशी मागणी ज्या कवितेंत आहे, तेथेंहि ही हांक आहे. भक्तीची मागणी करणारा भक्त पुष्कळ पाहिले. परंतु भक्तीबरोबर शास्त्राची पारखहि मागणारा हा निराळाच याचक. तो हांक मारतो तें कोणाला? तुकोबांच्या समोर विठोबा उभा आहे. रुसला असेल, बोलत नसेल, पण आहे. मर्ढेकरांच्या समोरची वीट रिकामी आहे कीं काय याची शंका त्यांना स्वतःलाच आहे, आणि तरीहि हांक थांबत नाहीं. त्यांना नास्तिक म्हणणारे आणि अखेरचे संतकवि म्हणणारे, दोघेहि त्यांना फार लवकर घरीं पोंचवितात, असें मला वाटतें.

खानदेशाचा अभिमान बाळगणारांना या कवितांतून आपली भूमि कोठें सांपडेल? फारशी कोठेंच नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तापी नाहीं, सातपुडा नाहीं, केळीच्या बागा नाहींत, अहिराणीचा शब्द नाहीं. एकच कविता मला या दृष्टीनें वारंवार खुणावते. तींत कवि म्हणतो कीं कितीतरी दिवस झाले, आपण चांदण्यांत गेलों नाहीं, गांवच्या नदींत डुंबलों नाहीं. नदीकांठच्या त्या वाटा ओळखीच्या आहेत. कधींतरी तेथें निर्भयपणें परत जावयाचें आहे. परंतु आज मात्र मोकळ्या चांदण्याचें भय वाटतें, वाहत्या पाण्यानें अंगावर शहारा येतो. त्यापेक्षां ही पाऱ्याच्या दिव्याची उसनी निळाई बरी, आणि हा अडखळत गळणारा नळ डोक्यावर घेऊन स्नानाचा मंत्र पुटपुटणें बरें. ही नदी कोणती याचा शोध करूं नये. सातपुड्याच्या पायथ्याची असेल, नसेल. गांव सोडून आलेल्या प्रत्येक सुशिक्षित माणसाची ती नदी आहे. तिच्याकडे परत जातां येत नाहीं एवढेंच दुःख असतें तर ती हळवी कविता झाली असती. परत जावयाची भीति वाटते, हें जें पुढचें पाऊल आहे तें मर्ढेकरांचें. माझ्या पिढींतील किती घरें जळगांवांतून, धुळ्यांतून, पुण्या-मुंबईस व तेथून परदेशीं गेलीं, आणि दर उन्हाळ्यांत परत येऊं म्हणून सांगत राहिलीं, तें आठवतांना ही कविता मला जवळजवळ असह्य होते.

या ठिकाणीं बहिणाबाई चौधरी यांची आठवण होणें अपरिहार्य आहे, आणि आपल्याकडे ती करण्याची रीतहि आहे; मात्र ती बहुधा मर्ढेकरांना खालीं बसविण्यासाठीं केली जाते. असोद्यास १८८० सालीं जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी बाईचीं गाणीं तिच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, सोपानदेवांच्या खटपटीनें व आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालीं. म्हणजे 'आणखी कांहीं कविता' निघाली तिच्या दुसऱ्याच वर्षीं. एकाच जिल्ह्यांतून निघालेले हे दोन आवाज महाराष्ट्राच्या कानीं जवळजवळ एकाच वेळीं पडले, आणि दोघांचाहि जीव ओवींत! पैकीं एक जात्याशीं बोलते, दुसरा रेल्वेच्या फलाटाला 'दादा' म्हणून हांक मारतो. निर्जीव वस्तूला घरचें माणूस करून तिच्याशीं बोलावें, ही मराठी बायकांच्या ओवीची फार जुनी रीत आहे, आणि फलाटाशीं बोलणारा हा लंडनला जाऊन आलेला प्राध्यापक तीच रीत चालवितो. फरक वस्तूंत आहे. जातें दाणे घेतें आणि पीठ देतें. घरोट्याचें आणि माणसाचें देणेंघेणें आहे. फलाट माणसें घेतो आणि माणसेंच टाकून देतो. बहिणाबाईंच्या जगांत श्रम आहेत, वैधव्य आहे, दैवाचे घाव आहेत, तरी जग उत्तर देतें. त्यामुळें तिच्या ओवीला शेवट करतां येतो, निष्कर्ष काढतां येतो, आणि तो म्हणीसारखा घरोघर होतो. मर्ढेकरांना तो काढतां येत नाहीं. यावरून एक मोठी व दुसरा लहान असें ठरविणें म्हणजे विहिरीला आणि तहानेला एका मापानें मोजणें होय. आपल्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचें नांव आहे, हें योग्यच झालें. त्या विद्यापीठांत मर्ढेकर शिकवितांना मात्र तिच्या ओवीचा उपयोग काठीसारखा करूं नये, इतकीच विनंति.

'इंग्लंडांतून आला' या आक्षेपाचा विचार आणखी एका बाजूनें करतां येतो. एलियट काय एकट्या मुंबईस आला होता? चेस्वाव मीवोश या पोलिश कवीनें जर्मनांनीं व्यापलेल्या वॉर्सा शहरांत, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रींत, 'द वेस्ट लँड' चें पोलिश भाषांतर केलें. परंतु पोलिश आधुनिक कवितेचा मूळ झरा पाहूं गेलें तर तो त्याआधींच्या, बोलेस्लाव लेश्म्यान (१८७७-१९३७) या गृहस्थाकडे जातो, असें मानणारे पुष्कळ आहेत. हा मनुष्य झामोश्च नांवाच्या एका लहान गांवीं नोटरीचें काम करी, आणि लिही काय, तर खेडुतांच्या पोवाड्यांच्या घाटाचीं गीतें. त्यांतून भिकारी, पांगळे, बुडालेलीं माणसें, अर्धवट जन्मलेले जीव, आणि ज्याच्याकडे हात पसरावे तो देव तेथें नाहीं कीं काय ही शंका! लोकगीताची जुनी चाल, आणि तिच्या पोटांत नव्या शतकाचें शून्य. १९२० सालीं त्याचा 'कुरण' हा संग्रह निघाला तेव्हां मर्ढेकर खानदेशांत शाळेंत जात होते. दोघांनीं एकमेकांचें नांव ऐकण्याचा प्रश्नच नाहीं. तरी साम्य डोळ्यांत भरतें, आणि त्याचें कारण अनुकरण नव्हे. ज्या समाजांत देवाशीं बोलण्याची एक जुनी, तयार, सर्वांच्या मुखांतली चाल आहे, तेथें देवाविषयींची शंकाहि त्याच चालीवर बोलूं लागते. एलियटला इंग्रजींत अशी चाल हाताशीं नव्हती, म्हणून त्याला तुकडे जोडावे लागले. मर्ढेकरांना ती होती.

अश्लीलतेच्या खटल्याविषयीं दोन शब्द. १९४८ सालीं 'कांहीं कविता' वर सरकारनें खटला भरला. त्यांतून मर्ढेकर निर्दोष सुटले. या प्रसंगाचा आज विजयगाथा म्हणून उल्लेख होतो. परंतु सरकारी नोकरींत असलेल्या एका संकोची माणसाला आपल्या कवितेंतील शब्दांचा खुलासा न्यायासनापुढें करावा लागणें, ही गोष्ट विजयाची नव्हे. आक्षेप घेणारांनीं शरीराचीं नांवें वाचलीं. त्या नांवांमागची लाज व कणव त्यांना वाचतां आली नाहीं. मुंबईच्या बंदरावरील माघांतल्या सकाळीला ज्यानें नुकत्याच न्हालेल्या गर्भवतीचें सोज्ज्वळ रूप दिलें, त्याच्यावर शरीराच्या विटंबनेचा आरोप यावा! असो.

आतां ज्या बाबतींत माझें मर्ढेकरांशींच भांडण आहे ती सांगितली पाहिजे. त्यांचें सौंदर्यशास्त्र. 'वाङ्मयीन महात्मता' (१९४१) पासून 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) पर्यंत त्यांनीं जो विचार मांडला, त्यासाठीं १९५६ सालीं, मरणोत्तर, त्यांना साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तीन नियमांनीं कलाकृति सिद्ध होते. काव्यांतील प्रतिमा आणि वस्तु यांचा मेळ भावनेच्या समान ताणावर बसतो, हीच ती भावनानिष्ठ समतानता. आणि कलेचें मूल्य कलेंतच शोधावें, जीवनांतील उपयुक्ततेंत नव्हे. बोधाच्या पोत्याखालीं दबलेल्या मराठी टीकेला हा झटका आवश्यक होता, यांत शंका नाहीं. रा. भा. पाटणकरांसारख्या तत्त्वज्ञानें त्याची गंभीर चिकित्सा केली, यावरूनहि त्याचें वजन कळतें. परंतु हें शास्त्र ज्यानें लिहिलें त्याच्या कविता मात्र त्या शास्त्रांत मावत नाहींत! ज्या अभंगाचा वर विचार केला, त्याचें सौंदर्य केवळ लयीच्या अंतर्गत संबंधांनीं समजावून सांगावें म्हटलें तर रामदास बाहेर राहतात, गाडी बाहेर राहते, साहेब बाहेर राहतो. आणि मग उरतें काय, तर अक्षरांची बेरीज. समर्थांच्या क्रियापदाची स्मृति ही कवितेच्या आंतली कीं बाहेरची? मर्ढेकरांच्या सिद्धान्ताला या प्रश्नाचें नीटसें उत्तर देतां येत नाहीं, आणि त्यांची कविता तर त्या उत्तरावरच उभी आहे. पुढील तीनचार दशकें आपल्या कॉलेजांतून सिद्धान्त शिकविला गेला आणि कविता त्याचें उदाहरण म्हणून वापरली गेली. उलट व्हावयास पाहिजे होतें. मी विद्यार्थ्यांना हल्लीं सांगतों कीं समतानता हा शब्द परीक्षेपुरता पाठ करा, आणि कविता मोठ्यानें म्हणा.

कवितेंतहि सर्वच चांगलें आहे असें नाहीं. पुष्कळ ठिकाणीं शब्दांच्या कोट्यांचा मोह त्यांना आवरत नाहीं. यंत्रांचीं व शास्त्रांचीं नांवें कधीं कधीं केवळ बुजगावण्यासारखीं उभीं राहतात. आणि कांहीं कविता इतक्या आवळलेल्या आहेत कीं त्यांची गांठ सोडविल्यावर हातीं येणारें धन त्या श्रमाच्या मानानें फार थोडें असतें. 'आणखी कांहीं कविता' मध्यें हा दोष वाढलेला दिसतो. त्यांच्यामागून आलेल्या अनुकरणकारांनीं नेमका हाच दोष उचलला. काठिण्य म्हणजे खोली अशी समजूत करून घेऊन नवकवितेच्या नांवाखालीं जें लिहिलें गेलें, त्यांतलें बरेंचसें मासिकांच्या जुन्या फायलींत धूळ खात आहे, आणि तें तेथेंच राहूं द्यावें.

परंतु खरा वारसा निराळ्या वाटेनें गेला. दिलीप चित्रे यांनीं १९६७ सालीं १९४५ ते १९६५ या काळांतील मराठी कवितेचें इंग्रजी संकलन सिद्ध केलें तेव्हां त्याची सुरुवात मर्ढेकरांपासून केली. आणि हेच चित्रे पुढें आयुष्यभर तुकारामाचें भाषांतर करीत राहिले, तें १९९१ सालीं ग्रंथरूपानें निघालें. अरुण कोलटकरांनाहि तुकोबांनीं असेंच धरून ठेवलें होतें. मराठींतील सर्वांत आधुनिक म्हटले जाणारे हे कवि देहूच्या वाटेला लागले, हा मला योगायोग वाटत नाहीं. ती वाट मर्ढेकरांनीं मोकळी केली होती. विजया राजाध्यक्ष यांनीं १९९१ सालच्या आपल्या विस्तृत अभ्यासग्रंथांत या कवितेचे संदर्भ परिश्रमपूर्वक उलगडले आहेत, आणि मर्ढेकर गंभीरपणें वाचूं इच्छिणाराला तो ग्रंथ टाळतां येणार नाहीं. आपल्या भागापुरतें पाहावयाचें तर सातपुड्याच्या पायथ्याच्याच सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांनीं १९६३ च्या 'कोसला' मधून गांव सोडलेल्या मुलाची जी गोष्ट सांगितली, तिचा नायक गांवीं परत येतो, पण परतल्यावर सुटत नाहीं. देशीपणाचा आग्रह धरणारे नेमाडे आणि परदेशी म्हणून हिणविले गेलेले मर्ढेकर हीं दोन टोंकें मानण्याची पद्धत आहे. नदीवरील ती कविता आणि ही कादंबरी शेजारीं ठेवून वाचलीं तर अंतर बरेंच कमी झालेलें दिसतें.

धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनीं 'कविता-रति' हें केवळ कवितेला वाहिलेलें नियतकालिक वर्षानुवर्षें चालविलें, आणि खानदेशांतील कितीतरी तरुणांना कविता कशी वाचावी हें त्यांतून कळलें. तसें वाचन घडवावयाचें तर मर्ढेकरांच्या बाबतींत एक साधी सोय अद्याप व्हावयाची आहे. 'मर्ढेकरांची कविता' या १९५९ सालच्या एकत्रित संग्रहांतील प्रत्येक कवितेखालीं तिचें वृत्त किंवा छंद, आणि त्याच छंदांतील संतांची अथवा मागील कवीची एखादी परिचित रचना, इतकीच टीप देणारी शालेय प्रत कोणी तरी काढावी. अर्थाच्या टिपा नकोत. त्या पुष्कळ झाल्या. उंदरांच्या कवितेखालीं 'फुलराणी' चें नांव असावें, दिनक्रमाच्या अभंगाखालीं तुकोबांच्या एखाद्या अभंगाचें. पुढचें काम मागच्या बाकावरची एखादी मुलगी करील.